ऑनलाइन गेममध्ये दिलेला फोटो कुठे जातो?

ऑनलाइन गेममध्ये आपला फोटो कशाला लागतो, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, ‘डीपीला’. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. आजच्या गेममध्ये फोटो निदान चार कामांसाठी घेतला जातो. खेळाडूची ओळख इतरांना दाखवायला, गेममधल्या पात्राला तुमचा चेहरा लावायला, तुमचं वय किंवा नाव तपासायला, आणि काही गेममध्ये आजूबाजूच्या जागांची चित्रं गोळा करायला. पाचवी वाट गेम बनवणाऱ्याने आखलेली नसते. सोबत खेळणारा अनोळखी माणूस चॅटमध्ये फोटो मागतो.

पाचही वेळा आपण फोनवर जे करतो ते जवळपास सारखंच असतं. एक बटण दाबतो, फोटो जातो. पण तो कोणाच्या हाती पडतो, किती दिवस राहतो आणि मागे घेता येतो का, याची उत्तरं प्रत्येक वेळी वेगळी असतात. ‘गेममध्ये फोटो टाकावा की टाकू नये’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. फोटो कोणाला देतोय, हे आधी ओळखावं लागतं.

स्वतःचा चेहरा पात्राला लावण्याची हौस

ही हौस स्मार्टफोनच्या आधीची आहे. निन्टेन्डो कंपनीने १९९८ मध्ये ‘गेम बॉय कॅमेरा’ आणला. हातात मावणाऱ्या गेम बॉय यंत्रात बसवायचा हा कॅमेरा काळे-पांढरे, अगदी कमी स्पष्टतेचे फोटो काढायचा आणि त्यात जेमतेम ३० फोटो मावायचे. काढलेला चेहरा कॅमेऱ्यातल्याच छोट्या गेममध्ये वापरता यायचा. फोटो त्या कार्ट्रिजमध्येच राहायचा, आणि कार्ट्रिज तुमच्या कपाटात.

याच कॅमेऱ्याने काढलेला चेहरा ‘परफेक्ट डार्क’ या गोळीबाराच्या गेममधल्या पात्रांना लावता येईल, असं ‘रेअर’ या ब्रिटिश कंपनीने आधी जाहीर केलं होतं. २००० मध्ये गेम बाजारात आला तेव्हा ती सोय काढून टाकलेली होती. जाहीर कारण तांत्रिक अडचणींचं होतं. प्रत्यक्षात, अमेरिकेत १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत झालेल्या गोळीबारानंतर, वर्गमित्राचा किंवा शिक्षकांचा चेहरा लावून त्याच्यावर गोळ्या झाडण्याची सोय बाजारात आणणं अवघड झालं होतं, हे पुढे समोर आलं. चेहरा दुसऱ्याचाही असू शकतो, ही गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती.

इंटरनेट आल्यावर फोटोचा रस्ता बदलला. ‘टोनी हॉक्स अंडरग्राउंड’ या २००३ च्या स्केटबोर्डिंगच्या गेममध्ये प्लेस्टेशन २ वर आपला चेहरा लावायचा तर फोटो कंपनीच्या पत्त्यावर ई-मेल करावा लागे आणि मग तो गेममध्ये उतरवून घेता येई. खेळ घरातच होता, पण फोटो एकदा कंपनीच्या संगणकावरून फिरून येत होता. २००६ मध्ये एक्सबॉक्ससाठी कॅमेरा आला आणि ‘उनो’सारखा पत्त्यांचा साधा खेळ एकमेकांचे चेहरे पाहत खेळता येऊ लागला. अनोळखी लोकांपुढे कपडे उतरवून बसणारे खेळाडूही त्यासोबत आले, आणि घरोघरी चालणारा हा खेळ भलत्याच कारणासाठी गाजला.

पुढचा टप्पा चेहऱ्याच्या मोजमापाचा. बास्केटबॉलच्या ‘एनबीए २के१५’ या गेममध्ये कॅमेऱ्यापासून ६ ते १२ इंचांवर चेहरा धरून, मान हळूहळू डावी-उजवीकडे वळवत सुमारे १५ मिनिटं स्कॅन द्यावा लागे. त्यातून चेहऱ्याची त्रिमिती प्रतिकृती तयार होई आणि ती मैदानातल्या खेळाडूला लागे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात २००८ पासून बायोमेट्रिक माहितीचा कडक कायदा आहे. त्याच्या आधारे दोन खेळाडूंनी कंपनीवर दावा लावला. चेहऱ्याचं मोजमाप किती काळ ठेवणार हे सांगितलं नाही आणि ते नीट जपलं नाही, अशी त्यांची तक्रार होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये अपील न्यायालयाने दावा टिकू दिला नाही. स्कॅनच्या आधी पडद्यावर सूचना दाखवली होती, आणि खेळाडूंचं प्रत्यक्ष नुकसान होण्याचा खरा धोका दिसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. मात्र २०१९ च्या जानेवारीत, एका मनोरंजन उद्यानात मुलाच्या अंगठ्याचा ठसा घेतल्याच्या प्रकरणात, इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशेचा निकाल दिला: कायदा मोडला एवढंच पुरे, वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही.

साधा फोटो आणि चेहऱ्याचा स्कॅन यातला फरक इथे समजून घ्यायला हवा. फोटो हे चित्र आहे. स्कॅन म्हणजे डोळ्यांमधलं अंतर, जबड्याची ठेवण, नाकाची उंची यांचे आकडे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जबडा बदलता येत नाही.

मुलांच्या बाबतीत अमेरिकी ग्राहक-संरक्षण यंत्रणेने, म्हणजे फेडरल ट्रेड कमिशनने, आणखी पुढचं पाऊल टाकलं. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याबद्दल जून २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या प्रकरणात २ कोटी डॉलर भरण्याचं मान्य केलं. त्या आदेशात एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा आहे. मुलाच्या फोटोवरून तयार केलेला कार्टूनसारखा अवतार हीसुद्धा मुलाची वैयक्तिक माहितीच मानायची. ‘फोटो कुठे आहे, हे तर चित्र आहे’ ही पळवाट त्यामुळे बंद झाली.

डीपी आणि गॅलरीची परवानगी

गूगल किंवा फेसबुक खात्याने गेममध्ये लॉग-इन केलं की तुमचं नाव आणि प्रोफाइल फोटो सहसा गेमला मिळतो. अनेक गेम तो थेट पटावर लावतात. समोरचा अनोळखी खेळाडू सोंगटी हलवताना तुमच्या मुलीचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो पाहत असतो, आणि तो आपण गेमला कधी दिला हे आपल्याला आठवतही नाही. उपाय सोपा आहे. पाहुणा म्हणून खेळण्याचा पर्याय असेल तर तो घ्यावा, नाहीतर गेममध्येच दिलेल्या चित्रांपैकी एखादं लावावं.

गॅलरीचा प्रश्न वेगळा आहे. डीपी बदलायला एक फोटो लागतो, पण ‘सर्व फोटोंना परवानगी’ दिली तर ॲप सगळी गॅलरी वाचू शकतं. गॅलरीत सेल्फीच असतात असं नाही. आधार कार्डाची दोन्ही बाजूंची चित्रं, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, डॉक्टरांची चिठ्ठी, सातबाऱ्याचा उतारा, हे सगळं आपण तिथेच टाकून ठेवलेलं असतं. आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून ‘निवडक फोटो’ देण्याची सोय आहे. अँड्रॉइड १३ मध्ये, म्हणजे २०२२ पासून, फक्त हवा तो फोटो निवडून देण्याची वेगळी खिडकी आली. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या गेमला सगळी गॅलरी दिली आहे ते एकदा पाहा. बुद्धिबळाच्या किंवा कँडी फोडायच्या गेमला तिची गरज नसते.

फोटोच्या फाइलमध्ये चित्राशिवायही माहिती असते. कॅमेऱ्याला लोकेशन दिलेलं असेल तर फोटो कुठे काढला ते अक्षांश-रेखांश फाइलमध्ये नोंदले जातात. काही सेवा फोटो चढवताना ही नोंद काढून टाकतात, काही टाकत नाहीत. आणि ती नोंद नसली तरी शाळेच्या गणवेशावरचा बिल्ला, मागे दिसणारी सोसायटीची पाटी, गाडीचा नंबर यावरून पत्ता शोधायला फार हुशारी लागत नाही.

वय आणि ओळख तपासण्यासाठी

गेल्या काही वर्षांत ही वाट सर्वात वेगाने रुंदावली आहे, आणि माझ्या मते सर्वात कमी चर्चा हिचीच होते. कारण इथे फोटो मागण्यामागचा हेतू चांगला असतो.

रोब्लॉक्स हा लहान मुलांमध्ये अतिशय लोकप्रिय असलेला गेमचा मंच. मोठ्या माणसांनी मुलांशी चॅट करून त्यांना जाळ्यात ओढल्याच्या तक्रारी वाढल्यावर कंपनीने चॅटसाठी चेहऱ्यावरून वय तपासण्याची पद्धत आणली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती जाहीर झाली आणि जानेवारी २०२६ पासून जगभर लागू होऊ लागली. खेळाडूने कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, संगणक वयाचा अंदाज बांधतो आणि त्या वयोगटातल्या लोकांशीच बोलता येतं. ही तपासणी कंपनी स्वतः करत नाही, बाहेरच्या कंपनीकडून करून घेते. वय ठरल्यावर चित्र लगेच पुसलं जातं, असं रोब्लॉक्सचं म्हणणं आहे.

‘पुसलं जातं’ या शब्दांवर किती विसंबायचं? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्डच्या बाबतीत जे घडलं ते इथे आठवायला हवं. डिस्कॉर्ड म्हणजे गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेली सेवा. तिच्यासाठी ग्राहकसेवेचं काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून माहिती चोरीला गेली. जवळपास ७० हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो त्यात उघडे पडले असावेत, असं डिस्कॉर्डनेच सांगितलं. हे फोटो कोणाचे होते? वयाच्या तपासणीत अडकल्यामुळे ‘माझं वय नीट पाहा’ असा अर्ज केलेल्यांचे. म्हणजे ज्यांनी नियम पाळून कागद दिले, तेच अडचणीत आले.

आपल्याकडे ओळखपत्रांचा हा ढीग दुसऱ्या कारणाने साठला. पैसे लावून खेळायच्या रमी, पोकर आणि फँटसी क्रिकेटच्या ॲपांवर जिंकलेली रक्कम काढायची तर केवायसी लागायची: पॅन कार्डाचा फोटो, पत्त्याच्या पुराव्याचा फोटो, काही ठिकाणी सेल्फीसुद्धा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली. मुंबईच्या ड्रीम११ सह मोठ्या कंपन्यांनी असे खेळ बंद केले. पण खेळ बंद झाला म्हणून सर्व्हरवरचे कागद आपोआप पुसले जात नाहीत. कर आणि इतर कायद्यांसाठी काही नोंदी ठराविक वर्षं ठेवाव्याच लागतात. ज्यांनी अशा ॲपवर खातं काढलं होतं त्यांनी फोनवरून ॲप काढून टाकण्यावर थांबू नये. ॲप काढल्याने खातं बंद होत नाही. आधी खातं बंद करण्याची आणि माहिती पुसण्याची विनंती ई-मेलने पाठवावी, उत्तर जपून ठेवावं, मग ॲप काढावं.

जागांचे फोटो

‘पोकेमॉन गो’ जुलै २०१६ मध्ये आला आणि त्याच डिसेंबरमध्ये रिलायन्स जिओबरोबर भारतात अधिकृतपणे सुरू झाला. त्यात रस्त्यावर भेटणारे ‘पोकेस्टॉप’, म्हणजे एखादा पुतळा, देऊळ, भिंतीवरचं चित्र, यांचे बरेचसे फोटो कंपनीने काढलेले नव्हते. नायॅन्टिक कंपनीच्या ‘इनग्रेस’ या आधीच्या गेममधल्या खेळाडूंनी ते पाठवले होते. नंतर त्या जागांभोवती फिरून कॅमेऱ्याने स्कॅन पाठवण्याची ऐच्छिक सोय आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये नायॅन्टिकने सांगितलं की अशा सुमारे १ कोटी ठिकाणांच्या स्कॅनच्या आधारे यंत्रांना जागा ‘समजून’ घेता येईल असं कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रारूप ती बनवत आहे. २०२५ मध्ये गेमचा व्यवसाय ३५० कोटी डॉलरला दुसऱ्या कंपनीला विकण्यात आला आणि जागांच्या नकाशाचं काम वेगळ्या कंपनीकडे ठेवण्यात आलं.

यात फसवणूक झाली असं म्हणता येणार नाही, स्कॅन पाठवणं कोणावर सक्तीचं नव्हतं. पण गेमसाठी म्हणून दिलेलं चित्र गेमपलीकडच्या धंद्याचं भांडवल होऊ शकतं, ते असं. जागेच्या फोटोत ओळखू येणारी माणसं नसावीत, असा नायॅन्टिकचा नियम आहे. तो पाळणं शेवटी खेळाडूच्या हाती.

चॅटमध्ये फोटो मागणारा अनोळखी

३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत राज्याच्या पोलीस मुख्यालयात सायबर जागृती महिन्याचं उद्घाटन झालं. तिथे अभिनेता अक्षय कुमारने घरातली हकिगत सांगितली. त्याची १३ वर्षांची मुलगी अनोळखी लोकांसोबत व्हिडिओ गेम खेळत होती. समोरून ‘मुलगा की मुलगी?’ असा प्रश्न आला. तिने उत्तर दिलं, आणि पुढचा संदेश नग्न फोटो मागणारा होता. तिने सगळं बंद केलं आणि आईला जाऊन सांगितलं. सातवी ते दहावीच्या मुलांसाठी शाळेत आठवड्याला एक सायबर तास असावा, अशी मागणी त्याने मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर केली.

या हकिगतीत मला सर्वात मोलाचं वाटतं ते मुलीने लगेच आईला सांगणं. बहुतेक घरांत इथेच गाडी अडते. ‘सांगितलं तर फोन काढून घेतील’ ही मुलांची भीती असते, आणि ती खोटीही नसते. फोटो मागणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

त्यांची पद्धत बहुधा अशी असते. आधी गेममध्ये मदत, फुकट नाणी किंवा महागडं ‘स्किन’ भेट. मग गप्पा गेमच्या चॅटमधून दुसऱ्या ॲपवर नेणं, कारण तिथे गेमची देखरेख नसते. मग साधा फोटो, मग ‘थोडा वेगळा’ फोटो. एकदा तो मिळाला की सूर बदलतो: पैसे दे, आणखी फोटो दे, नाहीतर तुझ्या मित्रांना पाठवतो. यात मुलगेही मोठ्या संख्येने अडकतात आणि ते अधिक काळ गप्प राहतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी साध्या चेहऱ्यावरूनही नग्न चित्र बनवता येत असल्याने आता ‘तसा’ फोटो पाठवलेला असण्याचीही गरज उरलेली नाही.

कायदा काय देतो

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. त्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत. दिलेली संमती मागे घेता येईल आणि माहिती पुसायला सांगता येईल. भारतात ५० लाख किंवा अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या गेमिंग कंपन्यांसाठी खास नियमही आहे. खेळाडू ३ वर्षं फिरकला नाही तर त्याची माहिती पुसायची, आणि त्याआधी निदान ४८ तास त्याला कळवायचं. माहिती जपण्यात हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, मुलांबाबतची बंधनं मोडल्यास २०० कोटींपर्यंत दंड आहे. हा दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याचा फोटो फुटला त्याला या कायद्याखाली भरपाई मिळत नाही, हा त्यातला मोठा कच्चा दुवा.

फोटो मागणाऱ्या, पसरवणाऱ्या माणसासाठी वेगळे कायदे आहेत. मुलांच्या बाबतीत पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब, धमकी देऊन पैसे उकळल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. स्त्रीने खासगी फोटो काढायला संमती दिली म्हणजे तो इतरांना दाखवायलाही दिली असं होत नाही, हे संहितेच्या कलम ७७ मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

फोटो गेलाच असेल तर

पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. समोरच्याला ब्लॉक करण्याआधी त्याच्या प्रोफाइलचे आणि धमकीच्या संदेशांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. गेममधलं टोपणनाव कधीही बदलता येतं, म्हणून त्याचा आयडी क्रमांक दिसत असेल तर तो टिपावा. घाबरून चॅट पुसू नये. मुलाचा फोटो ‘पुरावा’ म्हणून नातेवाइकांना किंवा शाळेच्या ग्रुपवर पाठवू नये, तसं करणं स्वतःच कलम ६७ब खाली गुन्हा ठरू शकतं.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर करता येते. स्त्रिया आणि मुलांसंबंधीच्या तक्रारीत नाव न देण्याचाही पर्याय तिथे आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा, मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे.

फोटो आणखी पसरू नये यासाठी दोन मोफत सेवा उपयोगी पडतात. फोटो काढताना वय १८ च्या आत असेल तर ‘टेक इट डाउन’, मोठ्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’. दोन्ही ठिकाणी फोटो कोणाकडेही चढवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांना जातो. त्यांच्या मंचावर कोणी तोच फोटो टाकला तर ठशावरून तो ओळखून अडवता येतो. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्ही सेवांमध्ये सहभागी आहेत. सहभागी नसलेल्या गेमच्या चॅटमध्ये किंवा ठसा बघताच येत नाही अशा कूटबद्ध संदेशांमध्ये या सेवांचा उपयोग होत नाही. तिथे त्या गेमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला स्क्रीनशॉट आणि आयडी क्रमांकासह लेखी कळवावं लागतं.